यास्नाची पावडर

मांदाआईंनी दोरीवरचा ओला टेबलक्लॉथ दोन्ही हातांनी उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला... आणि त्या काहीच बोलल्या नाहीत!

नेवेंकाच्या हातातला चिमटा जागीच थांबला. सासूबाई रागावल्या की काय काय बोलतात ते तिला एकोणीस वर्षांत तोंडपाठ झालं होतं. त्या बोलण्याची तिला आता भीती वाटत नसे. भीती वाटे ती या न बोलण्याची! गेला दीड महिना हे असंच चाललं होतं. चादर हुंगायची, उशीचा अभ्रा हुंगायचा, आणि मग सुनेकडे एक तिरपी नजर टाकून काठी टेकत निघून जायचं.

"काय झालं, आई? डाग राहिलाय का कुठं?"

"डाग? छे गं. डाग कसला! स्वच्छ आहे, अगदी स्वच्छ. फक्त..."

"फक्त काय?"

"काही नाही. चिमटे नीट लाव. वारा आहे आज."

आणि त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी किरवाय होता, गावच्या संताचा सण. चर्चमधून परतलेले वीसेक पाहुणे याच टेबलक्लॉथभोवती बसणार होते. नेवेंका दोरीखाली तशीच उभी राहिली, आणि तिच्या मनात पुन्हा तोच प्रश्न आला... यांना कळलंय का? आणि कळलं असेल, तर नेमकं किती कळलंय?

आता हे सगळं एका पावडरीपायी, असं ऐकून कुणी हसेल. पण हसणाऱ्यानं आमच्या गावात एक वर्ष काढावं! कपडे धुवायची पावडर कुठली, यावरून आमच्याकडे सोयरिकी जुळत नसल्या तरी सोयरिकींमध्ये कुजबुज नक्की होते. गावच्या दुकानात मिळते ती एक, आणि ऑस्ट्रियातून येते ती दुसरी. खोकं तेच, रंग तोच, नावही तेच. पण गावातली शेंबडी पोरगीसुद्धा तुम्हाला शपथेवर सांगेल, की ते स्वतःसाठी भरतात ती वेगळी आणि आपल्यासाठी भरतात ती वेगळी. खरं काय ते भरणाऱ्यालाच ठाऊक. पण पाहुण्यांसाठी इथल्या पावडरीतली चादर अंथरायची आमच्याकडे कुणाची छाती होत नाही.

अर्ध्या गावाची मुलं तिकडं कामाला. ती सणाला येतात तेव्हा कॉफी आणतात, चॉकलेट आणतात, आणि आणतातच आणतात ती पावडर. ज्यांना येता येत नाही ते शुक्रवारच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतात. ज्या घरी खोकं येतं त्या घरची लेकरं आईबापांना विसरलेली नाहीत, असं गाव धरून चालतं. ज्या घरी येत नाही, त्या घरच्या म्हातारीला दुकानात कुणी काही विचारत नाही, आणि ते न विचारणंच तिला सोसत नाही.

मांदाआईंची लेक यास्ना अशीच तिकडं होती, ग्राझला, हॉटेलच्या खोल्या साफ करायला. पण तिचं जाणं इतरांसारखं नव्हतं. चार वर्षांपूर्वी, ऐन किरवायच्या दिवशी, ती नवऱ्याचं घर कायमचं सोडून आईच्या दारात येऊन उभी राहिली होती. मनगटावर काळानिळा वण होता. तो झाकायला लांब बाह्यांचा स्वेटर होता. मांदाआईंनी वण पाहिला नाही... स्वेटर पाहिला नाही... त्यांनी पाहिले ते फक्त पाहुण्यांचे चेहरे! भरल्या टेबलासमोर त्या म्हणाल्या, "नवरा टाकून आलेल्या बाईची जागा माझ्या टेबलाशी नाही. ऊठ."

यास्ना उठली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही, दारही आपटलं नाही. संध्याकाळच्या बसनं ती जी गेली ती गेलीच. ना पत्र, ना फोन. आणि मांदाआईही हट्टाच्या पक्क्या. "तिनं आधी करावा," एवढंच म्हणायच्या. पण त्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या, नेवेंकानं नेलेलं सूप जसंच्या तसं परत यायचं. डॉक्टर येऊन गेला, रक्त तपासून गेला, आणि दाराशी नेवेंकाला हळूच म्हणाला, "यांना काही झालेलं नाही. यांना जगायचं नाही, एवढंच."

मग एका शुक्रवारी नेवेंका शाळेच्या स्वयंपाकघरातलं आपलं काम आटोपून येताना बसस्टॉपवरून एक खोकं घेऊन आली. झ्वोन्को ड्रायव्हरला तिनं स्वतःच सांगून मागवलं होतं, स्वतःसाठी. इतक्या बायका वापरतात, आपणही एकदा वापरून बघावी, इतकीच तिची हौस! खोकं हातात घेऊन ती दारातून आत आली, आणि अंथरुणावर पडलेल्या मांदाआई कोपरावर टेकून उठल्या.

"ते काय आहे? ग्राझहून आलंय?"

"हो, म्हणजे... झ्वोन्कोनं आणलंय."

"यास्नानं पाठवलं?"

त्या डोळ्यांत काय होतं ते नेवेंकाला कधीच सांगता आलं नाही. आठ आठवडे विझून पडलेल्या त्या डोळ्यांत एवढी आशा... एवढी याचना... की तिचं अंतःकरण पिळवटून निघालं, आणि खरं काय ते आठवायच्या आत तिच्या तोंडून शब्द निघून गेला.

"हो."

त्या रात्री मांदाआईंनी दोन वाट्या सूप घेतलं. दुसऱ्या दिवशी अंथरूण सोडलं आणि वॉशिंग मशीनच्या खोलीत जाऊन पहिला हुकूम सोडला, "ही पावडर माझ्या अंथरुणाला आणि सणाच्या टेबलक्लॉथला. बाकी कपड्यांना दुकानातली. माझ्या लेकीचे कष्ट तुझ्या नवऱ्याच्या, तिहोच्या, पायमोज्यांवर उधळायचे नाहीत!"

तेव्हापासून ते 'यास्नाची पावडर' झालं. दर दोन महिन्यांनी एक खोकं येई. मांदाआई ते आधी टेबलावर ठेवत, शेजारणींना बोलावून दाखवत. "पत्र लिहीत नाही माझी लेक. रागावलीय. रागावणारच! पण आई आठवते तिला, बघा की." आणि रिकामी खोकी त्या फेकू देत नसत, कपाटावर ओळीनं रचून ठेवत. नेवेंका झ्वोन्कोला दर वेळी बजावी, "कुणाला बोलू नकोस हं." आणि झ्वोन्को म्हणे, "मी बस चालवतो, वहिनी, तोंड नाही."

नवऱ्यालाही तिनं सांगितलं नव्हतं. तिहोमिर माणूस सोन्याचा, पण आईसमोर त्याचा चेहरा उघड्या खिडकीसारखा. एका दिवसात सगळं बाहेर! म्हणून हे ओझं तिनं एकटीनं वाहिलं. तीन वर्षं ते तिला ओझं वाटलंही नाही. सासूबाई लेकीचं कौतुक करताना ती भांडी घासत ऐकत राही, कधी कधी एखादी कळ यायची काळजात, की या घरात एकोणीस वर्षं मीही कपडे धुतलेत... पण ती कळ ती नळाच्या पाण्याबरोबर सोडून देई.

आणि या वसंतात झ्वोन्कोला हृदयाचा त्रास झाला. त्यानं गाडी सोडली. नव्या ड्रायव्हरनं सरळ सांगितलं, आता कुणाचं सामान घ्यायचं नाही, मालकाची सक्त ताकीद आहे.

दुसरा मार्ग होता, नाही असं नाही. चुलतसासूचा, लुत्साकाकूंचा मुलगा दावोर ग्राझलाच होता, आणि महिन्यातून एकदा स्वतःच्या गाडीनं येत असे. पण लुत्साकाकूंना सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं! म्हणून नेवेंकानं जे केलं ते असं : गावच्या दुकानातून त्याच नावाची पावडर पिशव्यांतून आणली, कपाटावरचं एक रिकामं खोकं उतरवलं, त्यात ती भरली, आणि वरचं झाकण पुन्हा नीट चिकटवलं. बसमधल्या कुणा प्रवाशाबरोबर आलं, असं घरात सांगितलं. एकच रंग, एकच नाव. कुणाला कळणार होतं?

मांदाआईंच्या नाकाला कळलं!

पण त्यांना जे कळलं ते वेगळंच. पहिल्याच चादरीला त्यांच्या मनात पाल चुकचुकली. खोकं लेकीचं आहे, पावडर लेकीची नाही. म्हणजे मधे कुणीतरी काढून घेतं आणि ही इथली भरून ठेवतं! घरात मशीनला हात लावणारी बाई एकच. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. खोक्याच्या आतल्या बाजूला, पावडर जिथवर होती तिथं, शिसपेन्सिलीनं बारीक रेघ मारून ठेवली. नेवेंकाला ती दुसऱ्याच दिवशी दिसली. मग शाळेतून परतल्यावर आपली पिशवी दारामागच्या खुंटीवरून हलवलेली दिसू लागली. लाकडांच्या शेडमध्ये काठीच्या टोकाचे ठसे दिसू लागले. आणि लुत्साकाकू! एरवी आठवड्यातून एकदा डोकावणाऱ्या लुत्साकाकू रोज येऊ लागल्या, स्वयंपाकघराचं दार लावून बसू लागल्या. नेवेंका आत गेली की दोघी एकदम हवापाण्याबद्दल बोलू लागत.

"तुझी बहीण बरी आहे ना गं, ती अंकित्सा?" लुत्साकाकू एकदा साखर लावलेल्या आवाजात म्हणाल्या. "गेल्या महिन्यात गेले होते तिच्याकडे. काय दरवळत होत्या चादरी! म्हटलं, हिला कोण पाठवतं बाई ऑस्ट्रियाहून?"

"तिचा दीर असतो तिकडे, काकू."

"असं होय! दीर होय..." आणि काकूंनी जाऊबाईंकडे पाहिलं.

याहून मोठा घाव मात्र सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी बसला. नेवेंका टेबलक्लॉथला इस्त्री करत होती. तिहोमिर आत आला, दार लोटून घेतलं आणि नजर चुकवत म्हणाला, "नेवा, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार की."

"आई म्हणते... म्हणजे मला पटत नाही, पण ती म्हणते... यास्नाची पावडर तू दुसरीकडे देतेस का?"

इस्त्री थांबली. आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर तिला संशयाची ती बारीकशी रेघ दिसली. खोक्यातल्या रेघेपेक्षाही बारीक, पण होती! सांगून टाकावं का? एका वाक्याचं तर काम! पण उद्या सण... आईच्या समोर हा उभा राहणार... आणि याचा चेहरा...

"तुला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"मला काय वाटायचं..." तो पुटपुटला आणि निघून गेला. नाही म्हणाला असता, तर नेवेंकानं सगळा जन्म त्या एका शब्दावर काढला असता. तो म्हणाला नाही. कापड जळू नये म्हणून तिनं इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

रविवारी टेबल सजलं. शेवयांचं सूप झालं, कोबीच्या पानांत गुंडाळलेलं खिम्याचं सार्मा झालं, भाजलेलं डुक्कर कापून ठेवलं होतं, घरच्या कुलेन सॉसेजचे लालबुंद काप ताटल्यांतून फिरत होते, आणि आलुबुखारच्या दारूनं, राकियानं, पाहुण्यांचे आवाज चढले होते. नेवेंका स्वयंपाकघरातून आत-बाहेर करत होती. शेवटी हात पुसून ती आपल्या खुर्चीत बसणार, एवढ्यात मांदाआई उठल्या. काठी टेकत आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ते खोकं होतं. कुलेनच्या ताटल्या बाजूला सारून त्यांनी ते टेबलाच्या मधोमध ठेवलं, आणि त्याच्या शेजारी गावच्या दुकानातल्या चार रिकाम्या, चुरगळलेल्या पिशव्या... लाकडांच्या शेडमधून काढलेल्या!

पाहुण्यांनी पेले खाली ठेवले.

"मी म्हातारी झालेय, पण नाक अजून म्हातारं झालेलं नाही," मांदाआई म्हणाल्या. "माझी लेक परक्या मुलखात लोकांचे संडास घासते, आणि पोटाला चिमटा काढून आईला हे पाठवते. आणि या घरात कुणीतरी ते काढून घेतं, आणि मला हा कचरा भरून ठेवतं. नेवेंका! सगळ्यांच्या देखत सांग. माझ्या लेकीची पावडर कुठं जाते?"

वीस जणांचे डोळे तिच्याकडे वळले. एक वाक्य पुरेसं होतं... एकच! 'आई, तुमच्या लेकीनं कधी काही पाठवलंच नाही.' जिभेच्या टोकावर ते वाक्य आलं होतं. अपमानानं तिचे कान जळत होते, एकोणीस वर्षांची सेवा समोर त्या पिशव्यांसारखी चुरगळून पडली होती, आणि तिची सुटका त्या एका वाक्यात होती. तिनं तोंड उघडलं. आणि मग तिनं मांदाआईंकडे पाहिलं. त्यांचे हात खोक्यावर ठेवलेले होते, लेकराच्या डोक्यावर ठेवावेत तसे.

"मी घेतली," नेवेंका म्हणाली.

"कुणाला दिलीस?"

"अंकित्साला. बहिणीला."

तिहोमिरनं खुर्ची मागे सरकवली आणि खिडकीकडे तोंड केलं. कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं. लुत्साकाकूंनी मोठ्यानं श्वास सोडला. दीड महिन्याची त्यांची मेहनत फळाला आली होती!

"ऊठ," मांदाआई म्हणाल्या. "माझ्या टेबलावरून ऊठ."

नेवेंका उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिला रडू आलं नाही. उलट मनातून कुठंतरी हलकं वाटलं, की संपलं एकदाचं... आता फक्त मलाच भोगायचं आहे. तेवढ्यात लुत्साकाकूंचा आवाज आला.

"जाऊबाई, हे त्या बिचाऱ्या पोरीला कळवायला नको का? ती पाठवत राहील, आणि ही लांबवत राहील! माझ्या दावोरनं नंबर दिलाय मला तिचा. लावू का?"

नेवेंका दार सोडून पुढे आली.

"नको!" ती किंचाळलीच. "आई, हात जोडते तुम्हाला... मला घरातून काढा, काय वाटेल ते करा, पण फोन करू नका!"

"बघा! बघा कशी घाबरली!" काकू म्हणाल्या.

"चोराला भीती वाटणारच," मांदाआई म्हणाल्या. चार वर्षं ज्या हाताला स्वाभिमानानं फोनपाशी जाऊ दिलं नव्हतं, तो हात आता संतापानं पुढे झाला. "लाव, लुत्से. मोठ्या आवाजावर लाव, सगळ्यांना ऐकू दे."

घंटी वाजली. तीनदा, चारदा.

"हॅलो?"

मांदाआई फोनवर वाकल्या. त्या म्हणाल्या, "यास्ना... मी बोलतेय."

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "आई? कोण गेलं, आई? तिहो बरा आहे ना?"

"सगळे जिवंत आहेत. ऐक माझं. तुझी पावडर मला मिळत नाहीये. म्हणजे आधी मिळत होती, आता या तुझ्या वहिनीनं..." आणि इथं, काय झालं कोण जाणे, ज्या रागाच्या जोरावर त्या बोलायला उभ्या राहिल्या होत्या तो राग मधेच त्यांच्या हातून निसटला. "यास्ना, मी तुझे कधी आभार मानले नाहीत गं. तू पत्र लिहिलं नाहीस, बरोबरच केलंस, मी तुला सगळ्यांसमोर उठवलं. मला तेव्हा लोक दिसले, तू दिसली नाहीस. पण तू पाठवत राहिलीस. पहिलं खोकं आलं ना, तेव्हा मी मरायला टेकले होते. ते आलं आणि म्हटलं, पोरीनं मला टाकलेलं नाही... त्यावर जगले मी, तीन वर्षं. एकही खोकं फेकलं नाही..."

त्या रडत होत्या. टेबलाशी दोघीतिघी बायकाही रडत होत्या.

"आई," यास्नाचा आवाज हळू आला, "कसली पावडर?"

नेवेंका धावतच पुढे झाली. "यास्ना! मी वहिनी बोलतेय. अगं ती झ्वोन्कोबरोबर तू पाठवायचीस ना, दर दोन महिन्यांनी? ती! आठवतं ना? आठव ना, यास्ना..."

यास्नाला सगळं कळलं असावं.

"वहिनी, मी कधीच काही पाठवलं नाही. मला राग होता. एकदा घेतलं होतं एक खोकं, बसस्टॉपपर्यंत नेलंही होतं... आणि परत आणलं. हात पुढे झाला नाही माझा. वहिनी, तू केलेलं मी माझ्या नावावर कसं घेऊ गं? नाही घेता येणार मला..."

मांदाआईंनी मान वळवली आणि सुनेकडे पाहिलं. दीड महिना तिरप्या नजरेनं पाहिलं होतं. आता सरळ पाहिलं.

"तू?"

नेवेंकानं मान खाली घातली. "पहिल्यांदा मी माझ्यासाठीच मागवली होती, आई. तुम्ही विचारलंत, यास्नानं पाठवली का... आणि माझ्या तोंडून 'हो' गेलं. मग पुढं माघारी घेता आलं नाही. झ्वोन्कोनं गाडी सोडली, म्हणून दुकानातली भरली. बहिणीला मी चिमूटभरसुद्धा दिलेली नाही."

"मग चोर का म्हणवून घेतलंस? माझ्या तोंडावर... या सगळ्यांच्या तोंडावर?"

"चोर म्हणून तुम्ही मला महिनाभर शिव्या दिल्या असत्या, आई, पण जेवला असतात. हे कळलं असतं, तर जेवला नसतात."

मांदाआई मटकन खुर्चीत बसल्या. ओठ आवळून त्या टेबलाकडे पाहत राहिल्या. ताटल्या, पेले, ते खोकं, त्या पिशव्या. तिहोमिर खिडकीपासून परत आला होता, बायकोच्या मागे उभा राहून तिच्या खांद्याला हात लावत होता. नेवेंकानं तो हात झटकला नाही, धरलाही नाही. ते दोघांचं दोघांत नंतर व्हायचं होतं.

"या टेबलावरून मी दोन लेकी उठवल्या," मांदाआई म्हणाल्या. कुणाला उद्देशून नव्हे. "दोन्ही वेळा याच लोकांसमोर. आणि दोन्ही वेळा मीच चुकले." मग त्यांनी मान वर केली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? चोर म्हणाले तेव्हा ऐकलंत, आता हेही ऐका. बाहेर सांगताना दोन्ही सांगा. लुत्से, तू तर नक्की सांग. तुझ्याइतकं नेमानं कोण सांगणार?"

लुत्साकाकूंनी मान ताटात घातली. मांदाआईंनी हात पुढे केला, नेवेंकाचा हात धरला, आणि वीस पाहुण्यांदेखत तो साबणानं सोललेला, खरखरीत हात आपल्या ओल्या गालाशी नेला. "माफ कर, पोरी." एकोणीस वर्षांत हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला जात होता. नेवेंका खाली वाकली, आणि आत्तापर्यंत कोरडी राहिलेली ती बाई सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली.

टेबलावर पडलेल्या फोनमधून आवाज येत होता, "आई? आई, आहेस ना तू? ...कुणीतरी सांगा ना मला. पावडर वहिनीनंच पाठवली ना?"

मांदाआईंनी सुनेच्या केसांवरचा हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातानं फोन जवळ ओढला.

"माझ्या थोरल्या लेकीनं पाठवली," त्या म्हणाल्या. "आता धाकटी कधी येते ते सांग."

"येऊ?" पलीकडून लहान मुलीसारखा आवाज आला. "खरंच येऊ? आई, मी... मी काय आणू तुला? मोठं खोकं आणते, सगळ्यात मोठं..."

"काही नको," मांदाआई म्हणाल्या. "काहीसुद्धा आणू नकोस, बाळ. रिकाम्या हातानं ये."